कानतुटक्या कपातली सदाफुली

पोटासाठी माणसं काय काय करतात! कुणी केस कापतं, कुणी रस्त्यातले खड्डे बुजवतं, कुणी दुसऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवतं. पण झाडांना मुद्दाम आजारी पाडायचा पगार घेणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ही ती. तिच्या इमारतीत तिला सगळे ‘रोगवाली’ म्हणत, आणि तेही तोंडावर. तळमजल्यावरचा चावीवाला तर ती जिन्यातून उतरताना दिसली की आपली एकुलती एक कुंडी हसत हसत आत ओढायचा.

"काका, कुंडी राहू द्या," ती म्हणायची, "आज तुमच्या गुडघ्याचा नंबर आहे."

ती औषधी वनस्पतींच्या संशोधन केंद्रात कामाला होती. केंद्राच्या मागच्या अंगाला एक बसकी इमारत, तिच्यात एक खोली, आणि त्या खोलीला सगळे रोगखोली म्हणत. तिथे काचेच्या चपट्या थाळ्यांमध्ये ती बुरशी वाढवायची. शास्त्रवाले या प्रकाराला बुरशी म्हणायला तयार नाहीत, त्यांचं काहीतरी वेगळंच नाव आहे. पण दिसायला कापसासारखी आणि वागायला बुरशीसारखी, मग आपण तरी दुसरं काय म्हणायचं? थाळीतला एक बारीक तुकडा कापायचा, पाण्यात कालवायचा आणि सदाफुलीच्या टुमटुमीत रोपांच्या मुळाशी घालायचा. मग बघत बसायचं. बहुतेक रोपं काही दिवसांत माना टाकत, देठ बुडाशी काळा पडे, आणि खेळ खलास. एखादं मात्र ताठ उभं राही. त्याचं पान मुख्य इमारतीत, वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंकडे जाई. डॉक्टरबाई त्या पानातली जनुकं तपासत आणि हे का मेलं नाही याचा शोध घेत.

हे ‘का’ आपल्या बाईंच्या रक्तातच होतं. लहानपणी घड्याळ का टिकटिकतं हे बघायला तिनं घरातलं एकमेव घड्याळ उघडलं होतं, आणि पुढे कित्येक दिवस त्या घरात वेळ शेजाऱ्यांना विचारून चालत असे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. वर पान द्यायला गेली की ती तिथेच रेंगाळायची आणि डॉक्टरबाईंचं डोकं खायची. डॉक्टरबाई तिच्यापेक्षा वयानं लहान, बोलायला फटकळ, पण कुणी विचारलं की खुलायच्या.

"ताई, झाडाला पळता येत नाही," त्या सांगायच्या. "रोग येवो, अळी येवो, ऊन येवो, दुष्काळ येवो, जागच्या जागी लढायचं. कसं लढायचं त्याची कृती त्याच्या जनुकांत असते."

"मग सगळीच का लढत नाहीत?"

"लढणं महाग पडतं. लढत बसलं तर फुलायचं कधी, वाढायचं कधी? म्हणून बरीचशी जनुकं झोपलेली असतात. गरज पडली की जागी होतात. काहींची वेळेवर होतात, काहींची वरातीमागून."

एकदा त्यांनी सांगितलं, की सदाफुलीच्या पानातून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध काढतात, ते कडू रसायन झाड काही आपल्यासाठी करत नाही. अळीनं तोंड लावू नये म्हणून करतं. ते झाडाचं हत्यार. आपण आयतं उचलून औषध म्हणतो. हे ऐकून ती दोन दिवस एकटीच हसत होती. बसमध्ये सुद्धा.

रोगखोलीचा कायदा एकच, पण कडक. दारात बाक, बाकाखाली निळ्या रबरी चपला. आपल्या चपला बाहेर काढायच्या, निळ्या घालायच्या, काम करायचं. निघताना निळ्या चपलांसकट जंतुनाशकाच्या परातीत उभं राहायचं, मग त्या काढायच्या, मग आपल्या घालायच्या. निळी चप्पल दाराबाहेर दिसली तर डॉक्टरबाई आकाशपाताळ एक करत. का तर बुरशीला पाय नसतात, ती आपल्या पायांनी चालते.

हे झालं कामाचं. आता घराकडे या.

घरात ती आणि सासूबाई. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरी कमी आणि फोनवर जास्त. सासूबाईंनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. मशीन थांबलं होतं, नजर थांबली नव्हती. समोरून जाणाऱ्या माणसाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब आहे हे त्यांना चालत्या माणसावर दिसे, आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नसे. त्यांचं राज्य म्हणजे गॅलरी. गॅलरीत कुंड्या, आणि कुंड्यांमध्ये राणी म्हणजे सासऱ्यांची सदाफुली.

सासरे बसचे ड्रायव्हर होते. कधीकाळी कुठल्याशा डेपोच्या कुंपणापाशी त्यांना ही सदाफुली दिसली. फूल गडद, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचं, मधोमध पांढरा ठिपका. त्यांनी एक फांदी मोडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि जेवणाच्या डब्यातून बायकोला आणून दिली. त्या माणसानं आयुष्यात बायकोला आणलेलं हे एकच फूल! तिचं बी पेरलं तर साधी गुलाबी फुलं येत. तो रंग हवा तर फांदीच लावावी लागे. जुनं झाड थकलं की सासूबाई त्याचीच फांदी लावत आणि तेच झाड पुढे चालू ठेवत. सासरे गेले, झाड राहिलं.

"हे झाड म्हणजे ते नव्हेत, एवढं कळतं मला," सासूबाई म्हणायच्या. "पण सकाळी उठल्यावर कुणावर तरी खेकसायला नको?"

सुनेला कुंड्यांना हात लावायची बंदी होती. "दिवसभर झाडं मारून येतेस. दोरीवर कपडे घाल, मशीन लाव, पण माझ्या कुंड्यांपासून चार हात लांब." आणि सून ऐकायची. का ऐकू नये? सासूचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं.

फक्त एकदा घोटाळा झाला. ओली चादर दोरीवर टाकताना तिचा झोल कुंडीवर बसला आणि राणीची एक फांदी कट्टकन मोडली. आता काय? फेकून द्यावी तर जीव होईना, सांगावं तर हिंमत होईना. मोडक्या भांड्यांत एक कान तुटलेला कप पडला होता. त्यात चार चमचे माती घालून तिनं फांदी खोचली आणि कप गॅलरीतल्या वॉशिंग मशीनच्या मागे, भिंतीच्या फटीत सारला. रुजली की कधीतरी सांगू, असं मनाशी ठरवलं. आणि सोयीस्कर विसरून गेली. भित्रे लोक असे विसरण्यात पटाईत असतात.

बरेच महिने गेले. एका दुपारी ती रोगखोलीत थाळ्या बदलत असताना चावीवाल्याचा फोन आला. "वहिनी, तुमच्या सासूबाई पडल्यात बहुतेक. वरून धप्पकन आवाज आला, आता हाका मारतायत, आणि दार आतून लावलंय."

पुढचं तिला नीट आठवत नाही. थाळी झाकली होती हे आठवतं. रिक्षा मिळाली नाही हे आठवतं. धावत घरी आली तेव्हा चावीवाल्यानं दार उघडून ठेवलं होतं आणि लाजून बाहेरच उभा होता, कारण सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. न्हाणीघर गॅलरीच्या टोकाला. ती गॅलरीतून तशीच आत धावली. सासूबाई ओल्या लादीवर आडव्या, पाय मुरगळलेला, आणि तोंड शाबूत.

"एवढी काय धापा टाकतेस? मेले नाही मी."

तिनं त्यांना उचललं, पलंगावर निजवलं, पायाला पट्टी बांधली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली. सासूबाईंवर तिचा जीव होता. तो कसा आणि कधी जडला हे तिलाच ठाऊक नव्हतं, कारण दोघींचं सगळं आयुष्य एकमेकींना टोचून बोलण्यात चाललं होतं. डोळे पुसताना तिची नजर खाली गेली. पायात निळ्या चपला होत्या.

तिनं त्या पिशवीत कोंबल्या आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परातीत बुडवून बाकाखाली ठेवल्या. गॅलरीची लादी साध्या पाण्यानं धुतली. ते पाणी कुंड्यांच्या बाजूनं मशीनखालून मोरीकडे वाहत गेलं. झालं, मिटलं, असं तिला वाटलं.

मिटलं कसलं! सासूबाईंचा पाय बरा झाला आणि सदाफुलीनं मान टाकली. आधी शेंडे झुकले. सासूबाईंनी जास्त पाणी घातलं. पानं आणखी लोंबली. आणखी पाणी. मग देठ बुडाशी काळा पडला, आणि हे सुनेनं दारातून पाहिलं. तो काळा रंग ती रोज बघत होती.

सासूबाईंनी घाईघाईनं वरच्या चांगल्या फांद्या कापून नव्या मातीत लावल्या. त्याही काळ्या पडल्या. जिकडे त्यांची झारी आणि कात्री जाई तिकडे रोग जाई, पण हे त्यांना कुणी सांगायचं?

"तूच आणलास हा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "इतकी वर्षं मी म्हणत होते ते गमतीनं. आता गमतीनं नाही म्हणत. गॅलरीत पाऊल टाकू नकोस. कपडे मी घालीन."

"आई, मला एक तुकडा द्या देठाचा. तपासून बघते कुठून आलाय."

सासूबाईंनी देठ कापून कागदात बांधून दिला. "तपास. आणि जे निघेल ते खरं सांग."

खाई त्याला खवखवे! बसमध्ये तो कागद तिच्या मांडीवर विटेएवढा जड झाला. केंद्रात पोचल्यावर तिनं सरळ वर जाऊन डॉक्टरबाईंना चपलांचं सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी जे झाडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. घाबरून गेलात समजलं, पण दुसऱ्या दिवशी का बोलला नाहीत? इमारतीखाली बाग असती तर? केंद्राच्या आवारात किती रोपं आहेत माहीत आहे ना? तिला सगळं माहीत होतं, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. शेवटी डॉक्टरबाईंचा राग ओसरला आणि त्यांनी कागद उघडला.

"आपल्या बुरशीची ओळख आपल्याकडे आहे. हिच्यातून बुरशी वाढवू आणि दोन्ही जुळतात का बघू. आपलीच असेल तर कळेल. नर्सरीच्या मातीतून आली असेल तर तेही कळेल. तोवर गॅलरी जंतुनाशकानं धुवा, सगळी माती पिशवीत भरून इथे आणा. आजच."

संध्याकाळी सासूबाईंनी तेवढ्यापुरती गॅलरी उघडली आणि स्वतः दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसल्या. सून रबरी मोजे घालून माती भरत होती. शेवटी राणीची कुंडी रिकामी केली. मग लादी घासायला तिनं मशीन पुढे ओढलं.

मागे कप होता.

कपात सदाफुली होती. वीतभर उंचीची, काटकुळी, कपाच्या तड्यातून मुळं बाहेर आलेली. पानं जाड, लहान, आणि निम्मी अळीनं कुरतडलेली. शेंड्याला एकच फूल, गडद, मधोमध पांढरा ठिपका. आणि कपाखाली, अगदी त्या मुळांपाशी, कुंडीकडून वाहत आलेल्या गाळाचा काळा ओघळ वाळून बसला होता.

"हे काय?" सासूबाई खुर्चीतून उठल्या.

आता लपवण्यासारखं राहिलं होतं काय? चादर, झोल, कट्टकन मोडलेली फांदी, सगळं तिनं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग खाली वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, कितीतरी वेळ त्या फुलाकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"देव तारी त्याला कोण मारी," त्या म्हणाल्या.

"तारलं खरं," सून म्हणाली, "पण कसं?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की काही विचारू नका. पण तिचं डोकं चालू झालं होतं. बघा ना: कुंडीतलं झाड आणि कपातलं झाड ही दोन झाडं नव्हतीच. एकाच झाडाची फांदी. जनुकं शब्द न शब्द तीच. रोगाचं पाणी दोघांच्याही मुळाशी गेलं. मग एक मेलं आणि एक फुललं, हे कसं?

दुसऱ्या दिवशी तिनं हे डॉक्टरबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"कपाला पाणी कोण घालायचं?"

"कुणीच नाही. पावसाची झड येईल तेवढीच. आणि मशीन गळतं थोडं."

"अळी लागली होती म्हणता. मशीनची धग. पाण्याची मारामार." डॉक्टरबाई खिडकीकडे बघत बोलत होत्या, तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "कृती दोघांकडे तीच. पण कुंडीतल्याला कधी गरजच पडली नाही. रोज पाणी, रोज लाड. या बुरशीला ओल म्हणजे आमंत्रणच. कपातलं बिचारं आधीपासून झगडत होतं. त्याची जनुकं जागी असतील. रोग आला तेव्हा हे उठून बसलेलं होतं."

"असतील म्हणजे? नक्की नाही?"

"नक्की कसं असेल, ताई? पी हळद अन् हो गोरी असं नसतं शास्त्रात. कदाचित नशीबही असेल. कदाचित रोगाचं पाणी मुळाला शिवलंच नसेल. तसं असेल तर त्या गॅलरीत ते पुढच्या महिन्यात मरेल, कारण बुरशी फटींमध्ये राहते, कितीही धुवा." त्या थांबल्या. "मी सांगू? ते इथे द्या. निर्जंतुक बाटलीत ठेवू. सुरक्षित राहील."

हा निरोप घरी गेला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बाटलीत? औषध आहे का ते?"

"तसं म्हटलं तर आहेच, आई."

"चूप बस. बाटलीतल्या झाडावर मी खेकसू कशी?"

पण त्यांचा चेहरा उतरला होता. घरात ठेवावं तर मरायची भीती, बाटलीत द्यावं तर असून नसल्यासारखं. त्या रोज सकाळी कपापाशी जात आणि पाणी घालायला उचललेली झारी तशीच खाली ठेवत.

मग निकाल आला. डॉक्टरबाईंनी फक्त मान हलवली. कुंडीतली बुरशी रोगखोलीतलीच होती.

त्या संध्याकाळी ती बसमधून एक थांबा आधीच उतरली आणि चालत गेली. वाटेत तिच्या मनात आलं नाही असं नाही, की सांगावं नर्सरीच्या मातीतून आली म्हणून. कोण विचारायला जाणार होतं? सासूबाई थोड्याच केंद्रात जाऊन तपासायच्या यंत्रात डोकावणार होत्या! पण ‘खरं सांग’ म्हणून त्यांनी हातात दिलेला तो कागद आठवला की पुढचा विचार होईना. घरी पोचून तिनं चपला दाराबाहेर काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"आई, मीच आणला. तुम्ही पडलात त्या दिवशी खोलीतल्या चपला तशाच घालून आले. गॅलरीतून आत आले. त्यातून आला रोग. बाबांचं झाड माझ्यामुळे गेलं."

सासूबाईंनी ताटं घेतली. जेवणं झाली. आवराआवर झाली. गप्प बसणं हे सासूबाईंच्या स्वभावात अजिबात नव्हतं, त्यामुळे सुनेला प्रत्येक घास दगडासारखा लागला. शेवटी दिवा मालवता मालवता सासूबाईंनी विचारलं, "मग त्या कपातल्याला का नाही झालं?"

"काय?"

"मी विचारते ते सांग. तेच झाड, तीच फांदी, तुझाच रोग. का नाही झालं? की व्हायचंय अजून? मला सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये. तुझा हा चौकशीचा रोग पण आणलास वाटतं घरात."

सुनेला हसू का रडू कळेना. "बघता येईल, आई. अख्खं झाड नको. एक पान पुरे."

"एक पान?"

"एक पान. त्याला रोग लावून बघू."

सकाळी सासूबाईंनी आपली शिवणाची कात्री गरम पाण्यात बुडवून घेतली, कपापाशी बसल्या आणि सगळ्या पानांवर बोट फिरवत एक न कुरतडलेलं पान निवडलं. कापताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. झाडाची समजूत काढली की नवऱ्याची, ते त्यांनाच ठाऊक.

डॉक्टरबाईंनी ओल्या कागदावर दोन पानं ठेवली. एक कपातलं आणि एक केंद्रात लाडानं वाढवलेल्या रोपाचं. दोघांना सुईनं एकेक ओरखडा काढला, ओरखड्यावर बुरशीचा एकेक तुकडा ठेवला आणि थाळी झाकली. "आता वाट बघा," त्या म्हणाल्या. "आणि सासूबाईंना सांगा, वाटलं तर त्यांनी स्वतः येऊन बघावं. पण चपला बदलून!"

सासूबाई आल्या. इस्त्रीची साडी नेसून, केस चापूनचोपून बांधून, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारख्या. रोगखोलीच्या दारात बाकावर बसून त्यांनी निमूटपणे निळ्या चपला घातल्या आणि आत आल्या.

डॉक्टरबाईंनी झाकण काढलं. लाडाचं पान काळं, लिबलिबीत, देठापर्यंत गेलेलं. त्याच्याशेजारी कपातलं पान हिरवं होतं. ओरखड्यापाशी मसुराएवढा तपकिरी डाग, डागाची कड कोरडी आणि रेखीव, आणि त्यापुढे काही नाही. बुरशी तिथेच अडकून बसली होती.

"हे बघा," डॉक्टरबाईंचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "बुरशी शिरली तशा तिच्या आजूबाजूच्या पेशींनी स्वतःला मारून घेतलं. पुढे खायला काही ठेवलंच नाही."

सासूबाईंनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "कापड उसवायला लागलं की आम्ही पुढे आडवी टीप मारतो," त्या म्हणाल्या. "मग तिथपर्यंतच उसवतं. तसंच केलंय यानं."

"अगदी तसंच!" डॉक्टरबाई हसल्या. "पण आजी, एका पानावरून शास्त्र होत नाही हां. झाड थोडं वाढलं की मला फांद्या लागतील. काही लाडात वाढवीन, काही हालात, आणि मग परत बघीन. ही जागं राहिलेली जनुकं किती दिवस जागी राहतात, फांदीबरोबर पुढे जातात का, मला काही म्हणजे काही माहीत नाही."

"मग झाड घरी ठेवू?"

"ठेवा. फक्त पाणी कमी. जीव तुटला तरी कमी. नव्या कुंडीत, उंचावर, लादीपासून लांब."

सासूबाईंनी मान डोलावली. झाडानं ‘ह्यांचं’ असूनसुद्धा स्वतःचं डोकं चालवलं याचं त्यांना मोठं कौतुक वाटलेलं दिसत होतं. निघताना त्या परातीत नीट दोन्ही पाय बुडवून उभ्या राहिल्या, मग बाकावर बसून एकेक चप्पल काढली. दुसरी चप्पल त्यांनी हातातच धरली आणि उलटीपालटी करून पाहिली. अंगठ्यापाशी रबर बोटभर फाटलं होतं.

"हीच होती," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"त्या दिवशी. मी लादीवर आडवी पडलेले, मला दुसरं दिसणार काय? चपलाच दिसल्या. निळ्या, आणि एक अंगठ्यापाशी फाटलेली. मनात म्हटलं, ही बाई स्वतःच्या चपला घालायला पण थांबली नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"झाडानं मान टाकली तेव्हा लक्षात आलं."

"मग बोलला का नाही?"

"बोलले की! तूच आणलास म्हणाले." सासूबाईंनी चप्पल बाकाखाली दुसरीच्या शेजारी जोडून ठेवली. "का आणलास, तेवढं माझ्या तोंडून निघेना. ते निघालं असतं तर भांडता आलं नसतं, आणि भांडले नसते तर रडले असते."

सुनेला आयुष्यात पहिल्यांदाच विचारायला प्रश्न सापडेना.

"चल," सासूबाई तिच्या खांद्याचा आधार घेत उठल्या. "कपड्यांची बादली भरून पडलीये सकाळपासून. माझे हात दुखतात. आजपासून दोरीवर तूच घाल."

"आणि परत फांदी मोडली तर?"

"मोडली तर कप आहेत घरात."